कॅनसॅटच्या टीममध्ये मी फक्त पीपीटी करते

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी विद्यार्थिनी १९ वर्षांची, मूळची भंडारा जिल्ह्यातली. नागपुरात हिंगणा रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ईटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्याच होस्टेलमध्ये राहते. कॉलेजच्या कॅनसॅट टीममध्ये बारा जण आहेत, त्यांत मुली तीन. (कॅनसॅट म्हणजे डब्याएवढा नमुना-उपग्रह. रॉकेटने किंवा ड्रोनने वर नेऊन सोडायचा. पॅराशूटने खाली येताना त्याने उंची, तापमान आणि ठिकाण जमिनीवर कळवत राहायचं.) वर्षभरात तिच्या वाट्याला पीपीटी, स्पॉन्सरशिपची पत्रं आणि टीमचं इन्स्टाग्राम आलं. सर्किटचं काम रात्री आठनंतर लॅबमध्ये चालतं आणि होस्टेलचं गेट आठला बंद होतं. "मुलांना सोल्डरिंग आधीपासून येतं. मला हात लावायची भीती वाटते. माझं डोकं टेक्निकल नसावं," असं ती लिहिते. एरोस्पेसला प्रवेश मिळाला नाही, ही रुखरुख आहे. सीजीपीए ७.१. वडील शिक्षक आहेत, त्यांचं म्हणणं, "हे सोड, कोडिंगचा क्लास लाव, कॅम्पसमधून आयटीत लाग. रॉकेटच्या नोकरीतल्या रात्रपाळ्या मुलीला झेपायच्या नाहीत." पुढच्या महिन्यात नवीन टीम ठरते. टीम सोडावी का, आणि अवकाश-अभियांत्रिकी आपल्यासाठी आहे का, असं तिने विचारलं आहे.

उत्तर:

तू दोन वेगळ्या प्रश्नांची गाठ मारून ठेवली आहेस. टीममध्ये राहायचं की नाही, हा एका कॉलेजातल्या बारा जणांचा मामला. अवकाश-अभियांत्रिकी जमेल की नाही, हा तुझ्या पुढच्या पंधरा-वीस वर्षांचा. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचं काढू नकोस.

"डोकं टेक्निकल नसावं" हे तू कशावरून ठरवलंस? एखादं सर्किट केलं आणि ते फसलं, असं तुझ्या पत्रात कुठेच नाही. वर्षभरात तुझ्या हातात सोल्डरिंग आयर्न आलीच नाही. ज्या पेपरला बसलीच नाहीस, त्याचा निकाल लावून मोकळी झालीस. टीममधल्या मुलांपैकी बहुतेकांनी शाळेत असतानाच घरचा चार्जर नाहीतर रेडिओ उघडून बिघडवलेला असतो, आणि त्याचं घरी कौतुकच झालेलं असतं. मुलीने मिक्सर उघडला तर आधी मिक्सर उचलून ठेवतात. त्यांच्यात आणि तुझ्यात फरक असलाच तर हाताच्या सवयीचा आहे, आणि ही सवय पंधरा दिवसांत लागते.

सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांतून एक झिरो पीसीबी (भोकाभोकांची कोरी सर्किट-पट्टी), स्वस्तातल्या रेझिस्टरचं पाकीट आणि ०.८ मिलिमीटरची ६०/४० सोल्डर वायर आण. आयर्न २५ वॅटची साधी चालेल. तापमान ठरवता येणारी मिळाली तर ३३० ते ३५० अंशांवर ठेव. टोक ओल्या स्पंजवर पूस, त्याला किंचित सोल्डर लावून चकचकीत कर. मग टोक पॅडला (भोकाभोवतीच्या तांब्याच्या कड्याला) आणि रेझिस्टरच्या पायाला एकाच वेळी टेकव, सेकंदभर थांब, वायर टोकाला न लावता सांध्याला लाव. आधी वायर काढ, मग आयर्न. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. सोल्डरची गोळी झाली तर पॅड तापला नव्हता. सांधा मळकट, दाणेदार दिसला तर थंड होताना हात हलला. पॅडच उखडून आला तर आयर्न फार वेळ टेकवून ठेवलीस. पन्नास सांधे असे कर. पहिले वीस वाईट येतील, तिसाव्याच्या पुढे तुझं तुलाच कळेल कुठला बरा आहे. खिडकी उघडी ठेव, आणि सोल्डरमध्ये शिसं असतं म्हणून काही खाण्याआधी हात धू. (बाजारात बिनशिशाच्या सोल्डरचा बोलबाला आहे, उपग्रहांच्या कामात मात्र शिसं मुद्दाम ठेवतात. शुद्ध कथिलावर कालांतराने केसासारखे धातूचे तंतू वाढतात आणि दोन पाय शॉर्ट करतात, आणि कक्षेत जाऊन ते कोणी खरवडत नाही.)

आता आठच्या गेटचं. वॉर्डनकडे वेळ वाढवून मागता येते, पण त्यात पालकांचं संमतिपत्र, प्राचार्यांची सही, आणि दर वेळी परवानगी मागायची ती तूच. त्यापेक्षा लॅबची वेळ हलवणं सोपं. फॅकल्टी कोऑर्डिनेटरना एक पानाचा मेल लिही. मागण्या तीनच: जोडणी आणि सोल्डरिंग शनिवारी सकाळी नऊ ते एक, आठवड्यातला एक दिवस संध्याकाळी साडेचार ते साडेसात, आणि रात्री कोणी काम केलंच तर काय बदललं ते सकाळपर्यंत लॉगबुकमध्ये. कारण देताना 'मुलींवर अन्याय' एवढंच लिहू नकोस. ते खरं असलं तरी त्यावर सहानुभूती मिळते, वेळापत्रक बदलत नाही. लॉगबुकचा मुद्दा पुढे कर. रात्री दोघांनी एक वायर इकडची तिकडे केली आणि कुठेच लिहिलं नाही, यामुळे स्पर्धेच्या दिवशी बंद पडलेले कॅनसॅट कोऑर्डिनेटरनी नक्की पाहिले असतील. बाकीच्या दोन मुलींच्या सह्या घे. गावाहून अप-डाउन करणारी मुलंही असतील. रात्रीची लॅब त्यांनाही अडचणीची असते, त्यांना विचार.

पीपीटीबद्दल माझं मत तुला कदाचित आवडणार नाही. ती पूर्ण सोडू नकोस. उपग्रहाच्या कुठल्याही कामात आधी प्राथमिक आणि मग अंतिम डिझाइन रिव्ह्यू होतो, आणि स्लाइड मांडणाऱ्यालाच प्रश्न विचारतात: हे वजन कुठून आलं, बॅटरी इतकीच का, दोर तुटला तर काय. ज्याला उत्तरं येतात त्याच्याकडे पुढचं काम जातं. तुझी अडचण इतकीच, की तू दुसऱ्यांचे आकडे सुंदर करून लावतेस. यापुढे ज्या आकड्यामागचं गणित कोणी दाखवणार नाही, तो स्लाइडवर घेऊ नकोस. इन्स्टाग्राम मात्र आजच सोड. स्पॉन्सरशिपची पत्रं सगळ्यांनी पाळीपाळीने लिहावीत.

आणि एक सबसिस्टीम, म्हणजे कॅनसॅटचा एक स्वतंत्र भाग, स्वतःच्या नावावर घे. मी पॉवर (वीजपुरवठा) आणि टेलिमेट्री (मोजमापं रेडिओने जमिनीवर पाठवणं) सुचवेन. दोन्ही ईटीसीच्या अभ्यासक्रमातली, बरंचसं काम लॅबशिवाय टेबलावर होण्यासारखं, आणि विद्यार्थ्यांचे कॅनसॅट सर्वांत जास्त इथेच मरतात. पॅराशूट सगळ्यांना दिसतं म्हणून त्याच्याभोवती गर्दी असते. बॅटरीकडे कोणी बघत नाही.

नेहमीची तक्रार अशी: लॅपटॉपच्या यूएसबीवर सगळं चालतं, बॅटरी लावली की मधेच रीसेट होतं. याची तीन कारणं आधी तपास. पहिलं, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. तिचा अंतर्गत रोध जास्त असतो. रेडिओने झटक्यात करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं. ती वापरूच नका. दुसरं, ३.७ व्होल्टचा एकच लिथियम सेल ईएसपी-३२ बोर्डाच्या (हा डब्याचा मेंदू) ५ व्होल्टच्या पिनला थेट जोडणं. अनेक स्वस्त बोर्डांवर एएमएस-१११७ रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारी चिप) असतो; त्याला ३.३ व्होल्ट बाहेर द्यायला आत साधारण साडेचार व्होल्ट लागतात. सेल पूर्ण भरलेला असला तरी ४.२ चाच. मधे ५ व्होल्टचा बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज वाढवणारा) घाल, नाहीतर थेट ३.३ देणारा बक-बूस्ट (गरजेप्रमाणे वाढवणारा किंवा उतरवणारा). तिसरं, पॅराशूट सोडणारी सर्व्हो मोटर त्याच लाइनवर. एसजी-९० सारखी छोटी मोटर अडकली की अर्धा ते पाऊण अँपिअर खेचते, आणि नेमक्या सोडण्याच्या क्षणी मेंदू रीसेट होतो. मोटरला वेगळा रेग्युलेटर दे, ग्राउंड एकच ठेव, मोटरजवळ ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव, वायर जाड आणि आखूड.

मग पॉवर बजेट, म्हणजे कुठला भाग किती करंट घेतो याचा हिशेब, मांड. उदाहरणादाखल: वाय-फाय बंद ठेवलेला ईएसपी-३२ सरासरी ५० मिलिअँपिअर, जीपीएस ४५, एसडी कार्ड ३०, लोरा (कमी विजेत लांबवर डाटा पाठवणारा) रेडिओ सरासरी ३०, सेन्सर ५. बेरीज १६०. रॉकेटवर चढवल्यानंतर उड्डाणाची वाट बघण्यात दोन तास जातात असं धर, म्हणजे ३२० मिलिअँपिअर-तास. दीडपट राखीव धरली तर ४८०. म्हणजे १००० मिलिअँपिअर-तासांचा छोटा लिथियम-पॉलिमर सेल पुरतो, जवळपास ४५ ग्रॅमचा १८६५० हा दंडगोल सेल लागत नाही आणि वाचलेलं वजन टीमला दुसरीकडे वापरता येतं. हे आकडे तसेच उचलू नकोस. प्रत्येक भाग एकेकटा चालवून मल्टीमीटरने मोज. मोजलेल्या आकड्यांचं ते कोष्टक हीच टीममधली तुझी पहिली जागा असेल, कारण बारा जणांत ते बहुतेक कोणाकडेच नसेल.

रेडिओ घेताना एक चूक जवळजवळ सगळे करतात. भारतात बिनपरवाना वापरायला ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. स्वस्त म्हणून एसएक्स-१२७८ या लोरा चिपचं मॉड्यूल मागवलं जातं. ती चिप ५२५ मेगाहर्ट्झच्या वर चालतच नाही. एसएक्स-१२७६ घे. ८६६ साठी पाव तरंगलांबीची अँटेना सुमारे ८.६५ सेंटिमीटरची साधी तार असते. अँटेना न लावता ट्रान्समिट करू नकोस, आउटपुटचा भाग जळू शकतो. डब्याचं अंग कार्बन फायबरचं असेल तर अँटेना बाहेर काढा.

पल्ला कमी पडला की लोराचा स्प्रेडिंग फॅक्टर वाढवायचा मोह होतो; त्याने पल्ला वाढतो, पण पाठवायला वेळ जास्त लागतो. ५० बाइटचं पॅकेट, १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थ: फॅक्टर ७ वर ते सुमारे ०.१ सेकंदात जातं, १२ वर त्याला २.३ सेकंद लागतात. नियमात दर सेकंदाला एक पॅकेट मागितलं असेल, तर १२ वर ते होणारच नाही. आधी अँटेना उभी आणि मोकळी आहे का ते बघ, जमिनीवरच्या बाजूला चांगली दिशादर्शक अँटेना लाव, मग ८ किंवा ९ पर्यंत जा. प्रत्येक पॅकेटला क्रमांक दे. क्रमांकातल्या गळतीवरून किती पॅकेट हरवली ते नंतर मोजता येतं. एसडी कार्डावर दर सेकंदाला फाइल फ्लश कर, म्हणजे डाटा लगेच कार्डावर लिहून टाक. नाहीतर खाली आपटून वीज गेली की शेवटचा, म्हणजे सगळ्यात हवा असलेला डाटा जातो.

उंचीसाठी हवेचा दाब मोजणारा बीएमपी-२८० सेन्सर पुरे. दुकानदार बीएमई (आर्द्रताही मोजणारा) म्हणून बीएमपी देतात. चिपचा आयडी वाच, हेक्स ५८ आला तर बीएमपी, ६० आला तर बीएमई. दाबात एका हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे जमिनीजवळ साडेआठ-नऊ मीटर, म्हणून उड्डाणाआधी जमिनीवरचा दाब शून्य म्हणून नोंदवायचाच. डब्याला भोवती तीन-चार बारीक भोकं ठेवा. एकच भोक वाऱ्याच्या तोंडी आलं तर उंची खोटी येते. सेन्सर ईएसपीला चिकटून बसवला तर तापमान हवेचं न येता चिपचं येतं.

नागपूरच्या उन्हाचं गणितही टीममध्ये तूच मांड, कारण बाहेरच्या व्हिडिओंत ते नसतं. पॅराशूटचं क्षेत्रफळ काढायचं सूत्र: वजनाची दुप्पट, भागिले हवेची घनता, ड्रॅग गुणांक आणि वेगाचा वर्ग यांचा गुणाकार. वस्तुमान ७०० ग्रॅम, गुणांक ०.८, उतरण्याचा वेग सेकंदाला ५ मीटर धरला तर पुस्तकातल्या १.२२५ घनतेला व्यास साधारण ८५ सेंटिमीटर येतो. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर. चाळीस अंशांच्या दुपारी घनता १.०९ च्या आसपास उतरते आणि व्यास ९० सेंटिमीटर लागतो. छत्री डोलू नये म्हणून मध्यभागी व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढं भोक. पीएलए या प्लॅस्टिकचं थ्रीडी प्रिंट साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला डबा वाकतो, म्हणून पीईटीजी किंवा एबीएस घ्या. कनेक्टर ग्लू गनच्या गोंदाने धरून ठेवलेत तर तोही उन्हात सुटतो. न्यूट्रल क्युअर सिलिकॉन वापरा, कारण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याला खातं.

चाचण्या कॉलेजातच होतात. ब्रेडबोर्ड आणि जंपर वायर उड्डाणात नकोतच, सगळं सोल्डर केलेलं हवं. डबा पॅराशूटच्या कडीला न ताणणाऱ्या ६० सेंटिमीटर दोरीने बांधून वरून सोडा. झटका बसल्यावर टेलिमेट्री चालू राहिली पाहिजे. मग साठ अंशांवर दोन तास. तिसऱ्या मजल्यावरून सोडून उतरण्याचा वेग मोजायला जाऊ नका, छत्री उघडून स्थिर होईपर्यंत जमीन येते. ड्रोन लागेल, आणि त्याआधी 'डिजिटल स्काय' हा ड्रोनच्या हद्दी दाखवणारा सरकारी नकाशा. विमानतळापासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांच्या वर. हिंगणा रोडवाल्यांनी हे आधी तपासावं.

हे सगळं टीम लीडला कसं सांगायचं? "मलाही काहीतरी टेक्निकल द्या" असं म्हणू नकोस. काहीतरी मागितलं की उरलंसुरलंच मिळतं. मोजमापांचं कोष्टक समोर ठेव आणि सांग, "पुढच्या ड्रॉप टेस्टपर्यंत पॉवर आणि टेलिमेट्री माझ्याकडे. अडलं तर अमुक तारखेला सांगेन." तो म्हणेल, आधी शिकून ये. म्हणून महिनाभरात एक छोटा संच स्वतः जोडून ने: दोन ईएसपी-३२ (एक पाठवायला, एक जमिनीवर घ्यायला), बीएमपी-२८०, दोन लोरा मॉड्यूल, सेल, कन्व्हर्टर, एसडी कार्ड. काही हजारांत बसतं. तिघींनी मिळून घेतलं तर आणखी हलकं. मोकळ्या मैदानावर एक किलोमीटरवरून किती पॅकेट आली, किती हरवली, हा कागद घेऊन जा.

तरीही पुन्हा पीपीटीच हातात ठेवली, तर टीम सोड. तेव्हा त्यात कमीपणा नाही, कारण तोवर तुझ्याकडे चालणारं सर्किट असेल. तिघी मिळून, मेकॅनिकलचे एक-दोन ज्युनिअर घेऊन वेगळी टीम करा. तिरुवनंतपुरमच्या एलबीएस या मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थिनींनी वीसॅट नावाचा पेलोड (अवकाशात न्यायचं उपकरण) बनवला. अतिनील किरणं मोजणारा तो पेलोड १ जानेवारी २०२४ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी५८ रॉकेटवरून गेला आणि रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावरच, पीओईएम या फलाटावर बसून काम केलं. स्वतंत्र उपग्रह उडवण्यापेक्षा हा मार्ग कॉलेजांना परवडणारा आहे. मराठी मुलांचं उदाहरण हवं तर पुण्याच्या सीओईपीचा किलोभर वजनाचा स्वयम् २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला.

एरोस्पेसची रुखरुख काढून टाक. इस्रोच्या 'सायंटिस्ट/इंजिनिअर एससी' या पदाच्या मुख्य भरतीत इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर सायन्स याच शाखा असतात. उपग्रहाचं बहुतेक पोट इलेक्ट्रॉनिक्सनेच भरलेलं असतं: वीजपुरवठा, ऑनबोर्ड कॉम्प्युटर, रेडिओ, पेलोड. २ सप्टेंबर २०२३ ला निघून ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूपाशी पोहोचलेल्या आदित्य-एल१ या सूर्याच्या अभ्यासाच्या मोहिमेच्या प्रकल्प संचालक निगार शाजी. सेंगोट्टाई या लहान गावच्या, तिरुनेलवेलीच्या सरकारी कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन केलेल्या. चांद्रयान-२ च्या प्रकल्प संचालक एम. वनिता याही इलेक्ट्रॉनिक्सच्याच. त्याच मोहिमेच्या मिशन डायरेक्टर रितू करिधल यांनी तर पदव्युत्तर शिक्षण आधी भौतिकशास्त्रात घेतलं, एरोस्पेस नंतर. तुझी शाखा चुकलेली नाही.

वडिलांच्या बोलण्यात एक गोष्ट बरोबर आहे, ती मान्य कर. रात्रपाळ्या असतात. उपग्रहांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रांत चोवीस तास शिफ्ट चालतात आणि प्रक्षेपणाच्या आधी घड्याळ बघून चालत नाही. डिझाइन आणि चाचणीचं काम मात्र बरंचसं दिवसाचं. आणि आयटीत रात्री कॉल नसतात असं थोडंच आहे? वडील शिक्षक आहेत, त्यांना नियम दाखव: केंद्र सरकारी नोकरीत १८० दिवसांची प्रसूती रजा आणि पूर्ण सेवेत मिळून ७३० दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा महिलांना मिळते. एकटी फार लांब जाशील ही भीती असेल तर हैदराबादचं नाव काढ. इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन (रिमोट सेन्सिंग) केंद्र तिथे आहे, १८ नोव्हेंबर २०२२ ला विक्रम-एस रॉकेट उडवणारी स्कायरूट ही खाजगी कंपनी तिथलीच, आणि नागपूरहून आता वंदे भारत जाते. खुद्द नागपुरात अमरावती रोडला इस्रोचं प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र आहे आणि व्हीएनआयटीच्या आवारात राज्याचं सुदूर संवेदन केंद्र, एमआरसॅक. तिथे उपग्रह बनत नाहीत, उपग्रहांच्या चित्रांवर काम होतं. पण डाटा प्रोसेसिंगची गोडी लागली तर तेही याच क्षेत्रातलं काम आहे. सुट्टीत एकदा वडिलांना घेऊन दोन्हीकडे जा, आधी ईमेलने परवानगी विचारून.

कोडिंगच्या क्लासला नाही म्हणू नकोस, फक्त काय शिकायचं ते तू ठरव. सी आणि पायथन दोन्ही कॅनसॅटला लागतात आणि कॅम्पसलाही चालतात. पदवीनंतर आयटीत लागलीस तरी दार लगेच बंद होत नाही. इस्रोच्या अलीकडच्या जाहिरातींत खुल्या गटासाठी वयोमर्यादा २८ आहे, राखीव गटांना नियमाप्रमाणे सवलत. दोन-तीन वर्षं तिथे काढून मग ठरवणाऱ्यांना मात्र अभ्यास नव्याने सुरू करावा लागतो. तो जड जातो, हे लक्षात ठेव.

सीजीपीएचं: त्या पदासाठी ६५ टक्के किंवा १० पैकी ६.८४ लागतात. तू ७.१ वर आहेस, म्हणजे आत आहेस पण काठावर. एक सत्र ढिलं गेलं तर खाली येशील, म्हणून स्पर्धेच्या महिन्यात मिड-सेम सोडून लॅबमध्ये बसायचं नाही, टीमला राग आला तरी. निवड कधी इस्रोच्या स्वतःच्या लेखी परीक्षेने होते, कधी 'गेट' या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर. अलीकडे गेटचे गुण मागितलेले आहेत, तेव्हा तयारी गेटच्या ईसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन) पेपरची धर, ती दोन्हीकडे उपयोगी पडते. एमटेकला तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अवकाश-शिक्षणाच्या संस्थेतही गेटवरच प्रवेश असतो. एरोस्पेस शिकायचीच असेल तर ती तेव्हा शीक. इस्रोच्या केंद्रांत इंटर्नशिप आणि अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी विद्यार्थी घेतात. मानधन धरून चालू नकोस, राहण्याचा खर्च बाजूला काढून ठेव. गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते, गुण तीन वर्षं चालतात आणि मुलींना शुल्क निम्मं आहे. पुढच्या वर्षी ऑगस्ट उजाडला की अर्जाच्या तारखांवर लक्ष ठेव.